फरार खुन्याच्या पाठलागाची कादंबरी लिहिताय? पोलीस तपासातल्या या चुका टाळा

पाठलागाची कादंबरी लिहिताना अनेक लेखक तपासाची कार्यपद्धती गाळतात, कारण ती वेगाच्या आड येईल असे त्यांना वाटते. खरे तर गोष्टीतला ताण तिथेच असतो. अटकेनंतरचे २४ तास, पोलीस कोठडीचे १५ दिवस, आरोपपत्राचे ९० दिवस, जिल्ह्याची हद्द आणि राज्याची सीमा हे सगळे कथानकाला आयतेच मिळते. पुढच्या चुका महाराष्ट्रात घडणाऱ्या कादंबऱ्यांच्या संदर्भात आहेत.

हुद्दा आणि हद्द

सातारा, सांगली, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पोलीस आयुक्त नसतो, पोलीस अधीक्षक असतो. तिथे फरार आरोपीच्या मागे स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे एलसीबी लागते. पुण्या-मुंबईत आयुक्तालय असते आणि गुन्हे शाखेची युनिट असतात. सगळ्यांना सरसकट ‘इन्स्पेक्टर’ म्हणू नका. उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे असतात, सहायक निरीक्षकाच्या आणि निरीक्षकाच्या खांद्यावर तीन.

गुन्हा ज्या ठाण्यात दाखल होतो, तपास अधिकारी सहसा तिथलाच असतो. एलसीबी समांतर तपास करते, आरोपी पकडते आणि पुढच्या कारवाईसाठी त्याला ठाण्याच्या ताब्यात देते. रात्रंदिवस राबलेला तपास अधिकारी आणि बातमीत फोटो आलेले एलसीबीचे पथक यांच्यातली धुसफूस ही या प्रकारातली सर्वात कसदार आणि सर्वात कमी वापरलेली सामग्री आहे.

खून धावत्या रेल्वेत झाला असेल, तर तपास लोहमार्ग पोलिसांचा. रेल्वे सुरक्षा दलाचा नायक तिथे घालू नका.

तारीख आधी, कलम नंतर

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचे कलम आता १०३(१) आहे, पण त्या तारखेआधी घडलेल्या खुनाला जुन्या भारतीय दंड विधानाचे म्हणजे भादंविचे ३०२ हेच लागते. २०१९ मधला खुनी २०२५ मध्ये सापडला, तरी आरोप ३०२ चाच राहतो. म्हणून हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर घटनेची तारीख लिहून ठेवा आणि कलमे तिच्यावरून ठरवा.

‘दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला फरार घोषित केले’ हे वाक्यही खोडा. उद्घोषणा न्यायालय काढते. आधी वॉरंट निघावे लागते आणि हजर राहण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. पोलिसांच्या कागदावर तोवर ‘पाहिजे आरोपी’ असतो.

मोबाइलवरचा लाल ठिपका

सर्वात जास्त कादंबऱ्या इथे बिघडतात. नायक फोन करतो, हवालदार संगणकावर ठिपका दाखवतो आणि गाडी थेट त्या घरासमोर थांबते. प्रत्यक्षात सीडीआर ही झालेल्या कॉलची यादी असते. ती मागवायला पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तिच्यात टॉवर आणि त्याचा सेक्टर कळतो. एका टॉवरवर सहसा १२० अंशांचे तीन सेक्टर असतात. शहरात त्याचा अर्थ काही शे मीटरचा पट्टा, तर आंबोली-चंदगडकडच्या डोंगरात काही किलोमीटरचा. पथक पोहोचते ते परिसरात, दारात नाही. पुढचे काम खबरी, चहाची टपरी आणि भाड्याने खोल्या देणारे घरमालक यांच्याकडून होते.

फोन बंद असेल, तर फक्त शेवटचे लोकेशन मिळते. नुसते सिम बदलल्याने आरोपी सुटत नाही, कारण हँडसेटचा १५ अंकी आयएमईआय तोच राहतो. त्याने दोन्ही बदलले, तर पोलीस त्याच्या माणसांचे सीडीआर काढतात. आई, बहीण, मेहुणा, जुना भागीदार यांच्या यादीत खुनानंतर उगवलेला एखादा अनोळखी नंबर शोधला जातो. हा शोध दोन प्रकरणे सहज पेलतो. व्हॉट्सअॅप कॉल मात्र सीडीआरमध्ये कॉल म्हणून येत नाही. साध्या फोनवरचे बोलणे ऐकायचे असेल, तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो.

दुसरा खोटा शॉर्टकट आधारचा. घटनास्थळावरचा ठसा आधारच्या साठ्याशी जुळवला असे लिहू नका. आधारमधली बोटांची आणि डोळ्यांची नोंद गुन्ह्याच्या तपासाला देण्याची कायद्यात तरतूद नाही. ठसा जुळतो तो पोलिसांच्या अंगुलीमुद्रा अभिलेखाशी. आरोपी आधी कधीच रेकॉर्डवर आला नसेल, तर जुळणी मिळत नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे म्हणजे डीव्हीआरचे घड्याळ अनेकदा चुकीचे असते. पंचनाम्यात खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ यांतला फरक नोंदवावा लागतो. सात मिनिटांच्या फरकावरही बचाव पक्षाचा वकील अख्खा उलटतपास उभा करू शकतो.

परराज्यातली अटक

इथे दोन उलट चुका होतात. काही कादंबऱ्यांत जीप सीमेवर थांबते आणि आरोपी पलीकडून हसतो. विनावॉरंट अटकेच्या गुन्ह्यात भारतात कुठेही पाठलाग करता येतो. काहींत पथक इंदूरहून माणूस उचलते आणि पुढच्याच पानावर तो सांगलीच्या लॉकअपमध्ये असतो. हेही चूक.

योग्य क्रम असा: स्थानिक ठाण्यात नोंद, त्यांची मदत, अटक पंचनामा, नातेवाइकाला अटकेची माहिती, वैद्यकीय तपासणी, तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे आणि ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या हद्दीत नेण्याची परवानगी. त्यानंतर प्रवास. २४ तासांच्या मुदतीत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, तरी इंदूर ते सांगली हा पंधरा-सोळा तासांचा रस्ता असल्याने हा रिमांड घेतलेलाच बरा. या प्रवासात थकलेले चार पोलीस आणि एक आरोपी एका गाडीत कोंडलेले असतात. एवढा चांगला प्रसंग गाळू नका.

कबुली म्हणजे शेवट नव्हे

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. कामी येते ते मेमोरँडम: दोन पंचांसमोर आरोपी ‘कोयता कुठे टाकला ते दाखवतो’ असे निवेदन देतो, तोच सगळ्यांना तिथे नेतो आणि हत्यार जप्त होते. कबुलीतला तेवढाच, वस्तू सापडण्याशी जोडलेला भाग न्यायालयात चालतो. हत्यार वर्दळीच्या उघड्या जागी सापडले, तर त्याचे वजन घटते. नार्को चाचणी आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

ओळख परेड पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी घेतात. एका आरोपीसोबत त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसे उभी करतात. नायकाने आदल्या दिवशी पत्रकार परिषदेत आरोपीचा चेहरा दाखवला असेल, तर ती परेड वाया गेलीच.

प्रेत, शस्त्र, रस्ता, ऋतू

‘मृत्यू रात्री सव्वादहाला झाला’ असे कोणताही डॉक्टर लिहून देत नाही, तो काही तासांचा अंदाज देतो. मे महिन्यात चंद्रपूरला हवा ४५ अंशांवर असताना प्रेत थंड होण्यावरून वेळ काढता येत नाही, आणि ताठरताही लवकर येऊन लवकर जाते. रिव्हॉल्व्हर झाडल्यावर पुंगळी खाली पडत नाही, ती पिस्तुलाची पडते.

समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तिथे मोटारसायकलचा पाठलाग रंगवू नका. जुलैतली कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. जूनमध्ये आरोपीला ऊसतोड टोळीत लपवू नका, गाळप तोवर संपलेले असते. अंधाऱ्या रात्रीचा प्रसंग असेल, तर तिथी पंचांगात पाहून घ्या.

चकमकीचा शेवट

आरोपी गोळीने मेला आणि नायक घरी गेला, असा शेवट २०१४ नंतरच्या कथेत बसत नाही. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार चकमकीतल्या मृत्यूचा गुन्हा नोंदवावा लागतो. तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याचे पथक करते, दंडाधिकारीय चौकशी होते आणि अधिकाऱ्याला आपले शस्त्र तपासणीसाठी जमा करावे लागते. शौर्यपदक लगेच मिळत नाही.

आरोपी शेवटपर्यंत सापडूच नये असे वाटत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या प्रक्रिया कायद्याने एक मोकळी जागा दिली आहे. उद्घोषित गुन्हेगाराच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो. त्यासाठी किमान ३० दिवसांच्या अंतराने सलग दोन वॉरंट काढावी लागतात, वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि आरोपनिश्चितीनंतर ९० दिवस थांबावे लागते. रिकाम्या पिंजऱ्यासमोर साक्ष देणारा तपास अधिकारी मराठी कादंबरीत अजून फारसा कोणी लिहिलेला नाही.