संघटनेचा अभ्यासगट: मेळावा राहू दे, सात-आठ जण बास

आपल्या शिक्षक संघटनेत सभासद शिक्षण म्हणजे तालुक्याचा मेळावा, हारतुरे, भाषणं, जेवण, आणि मग सगळे एसटी गाठायला पळणार. वर्गणीची पावती फाटते, पण उद्या कुणी हातात आदेश ठेवला तर काय विचारायचं ते कळत नाही. त्यापेक्षा आपल्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, सात-आठ जण घ्या. दहाच्या वर गेले की दोघंच बोलतात, बाकीचे मोबाईल बघत बसतात.

माणसं मात्र सगळ्या तऱ्हेची घ्या, एखादा शिक्षणसेवक (मानधनावरचा नवा शिक्षक), एखादे जुनी पेन्शनवाले गुरुजी, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले एनपीएसवाले (नव्या पेन्शन योजनेतले), आणि मॅडम निम्म्या तरी. पदाधिकारी एकच आणि तोसुद्धा ऐकायला (हे सगळ्यात अवघड, आपले नेते माईक नसला तरी उभं राहूनच बोलतात). शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसायचं. पाटण-कोयना भागात असाल तर गाडीची वेळ आधी विचारा, मग बैठकीची ठरवा. शिक्षण परिषदेच्या (केंद्रातल्या शिक्षकांच्या सरकारी बैठकीच्या) दिवशी ठेवू नका, लोकं आधीच पीपीटी बघून बेजार झालेली असतात. दीड तास पुरे. चहा शेवटी, मध्ये दिला की बैठक तिथंच संपली म्हणून समजा.

आता मुख्य गोष्ट. एका बैठकीला एकच कागद, त्याच्या झेरॉक्स सगळ्यांच्या हातात. सुरुवातीला आरटीई 2009 चं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 27 घ्या, चार ओळींचं आहे आणि सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं. एकानं मोठ्यानं वाचायचं. शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, सोडून फक्त दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुकीची कामं. मग प्रत्येकानं गेल्या वर्षभरात आलेले आदेश, पत्रं, ग्रुपवरचे मेसेजसुद्धा, काढून टेबलावर ठेवायचे आणि तीन गठ्ठे करायचे: कलमात बसतं, बसत नाही, वाद घालण्यासारखं. इथं खरी मजा येते, कारण मतदार यादीच्या कामावर तावातावानं बोलणारा माणूस कलम परत वाचतो आणि म्हणतो अरे हे तर निवडणुकीशी संबंधित म्हणून आत येतंय, आणि ज्या सर्वेक्षणाला सगळे मुकाट्यानं गेले होते ते नेमकं दुसऱ्या गठ्ठ्यात जातं. हे भाषणात सांगून कुणाच्या डोक्यात राहत नाही, स्वतः कागद उचलून ठेवला की राहतं.

पुढच्या बैठकीला टीईटीबद्दलचा (शिक्षक पात्रता परीक्षा) कोर्टाचा निकाल घ्या. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि सगळ्यांची नोकरी गेली असे फॉरवर्ड फिरले. निकालात मात्र टीईटी नसलेल्यांपैकी सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरलेल्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय, पाचपेक्षा कमी उरलेल्यांना ती न देता नोकरीत राहता येतं, पण प्रमोशन हवं तर टीईटी लागणार. आपण कुठल्या रकान्यात बसतो ते प्रत्येकानं निवृत्तीची तारीख लिहून तिथंच काढायचं. एनपीएसचं तसंच, पगारातले 10 टक्के आणि शासनाचे 14 टक्के खात्यावर जमा दिसतात का ते स्टेटमेंट उघडून बघा, त्याला वक्ता कशाला लागतोय.

बैठक कोण चालवणार ते दर वेळी बदला. ज्याची पाळी त्यानं बोलायचं कमी, आणि गप्प बसलेल्या माणसाला त्याच्या शाळेबद्दल विचारायचं, "तुमचं मत काय" असं नाही, "तुमच्याकडं हे पत्र आलं होतं का" असं. मग आपोआप तोंड उघडतं. नवख्या शिक्षणसेवकाला आधीच पाळी देऊन टाका, तो घरी चार वेळा वाचून येतो.

उत्तर मिळालं नाही तो प्रश्न तिथंच कागदावर लिहायचा, सगळ्यांच्या सह्या, आणि तालुकाध्यक्षांकडं द्यायचा. पोच घ्या. पुढच्या बैठकीत पहिला विषय त्याच कागदाचा, उत्तर आलं नसेल तर दोघांनी जाऊन आणायचं.