अंगणातली वितळलेली पट्टी

घर गरम ठेवायला अंगणात लाकडावरचा बॉयलर आहे. त्यातून ८० अंशांनी निघालेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात पोचेपर्यंत ६८ वर यायचं. लाकडं मात्र ढिगाने जळायची. एका सकाळी पाहिलं तर बॉयलरपासून भिंतीपर्यंत बर्फ वितळून सरळ पट्टी पडलेली! म्हणजे मी जमीनच तापवत होतो. खणलं. उष्णता राखायला पाइपांवर गुंडाळलेल्या चंदेरी बबल-शीटमध्ये पाणी साचलेलं. ओलं इन्सुलेशन असून नसल्यासारखंच. मग फोममध्येच बसवलेला, वरून जलरोधक आवरणाचा तयार पाइप टाकला. आता फरक जेमतेम एका अंशाचा. खोल्या उबदार ठेवणाऱ्या फरशीखालच्या नळ्यांना इतकं गरम पाणी चालत नाही, ते मिक्सिंग व्हॉल्व्हने (गरम पाण्यात गार पाणी मिसळणाऱ्या झडपेने) ४० वर आणलं. बॉयलरकडे परतणारं पाणी मात्र ६० च्या खाली जाऊ देत नाही, नाहीतर त्याच्या भट्टीत धुराचा डांबरासारखा चिकटा धरतो.