अमेरिकन रोड-ट्रिपची पुस्तकं वाचायची तर कशी वाचायची

बऱ्याच जणांचं असं होतं की कुणीतरी सांगतं जॅक केरुअॅकचं 'ऑन द रोड' वाच, डोकं उघडेल, आणि मग साठ-सत्तर पानांत पुस्तक बाजूला पडतं कारण नुसती इकडून तिकडे धावाधाव, होत काहीच नाही. माझंही पहिल्यांदा तेच झालं. चूक एवढीच की सुरुवात तिथून करायची नसते.

आधी स्टाइनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' घ्या, 1939 चं. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब, जमीन गेलेली, एका जुन्या हडसन गाडीचा ट्रक करून त्यात अख्खं घर भरतात आणि रूट 66 ने कॅलिफोर्नियाकडे निघतात, कारण तिकडे फळं तोडायला माणसं हवीत अशी पत्रकं वाटलेली असतात. हौस नाही, पोटासाठी निघालेत. हे आधी वाचलं ना की नंतरचे हौशी फिरणारे नीट कळतात.

वाचताना मॅप उघडा ठेवा, खरंच. रूट 66 म्हणजे शिकागो ते सांता मोनिका, 1926 ला सुरू झाला आणि 1985 ला अधिकृत यादीतून काढून टाकला, त्यामुळे शोधताना हिस्टॉरिक रूट 66 असं टाका. बोटाने रस्ता धरत गेलात की मधलं वाळवंट केवढं आहे ते कळतं, नुसतं वाचून कळत नाही.

दुसरी सवय, आणि ही जास्त महत्त्वाची. प्रत्येक पुस्तकात 'पोचलो' असं पान येतं, तिथे कोपरा दुमडून ठेवा (लायब्ररीचं असेल तर प्लीज नको, कागदाची चिठ्ठी घाला). जोड मंडळी वाळवंट ओलांडून एकदाची वरून हिरवीगार दरी बघतात, सगळे खूश, आणि तेव्हा आई सांगते की आजी रात्रीच गेली. तपासणीवाले अडवतील म्हणून ती रात्रभर त्या प्रेताशेजारी गप्प पडून होती. मला त्या पानानंतर पुस्तक दोन दिवस उचलवलं नाही.

आता 'ऑन द रोड'. छापून आलं 1957 ला, पण 1951 च्या एप्रिलमध्ये केरुअॅकने तीन आठवड्यांत साधारण 120 फुटांच्या सलग कागदावर टाइप केलं होतं, म्हणून ते मोठ्याने वाचा, दोन-तीन पानं तरी, दम लागला पाहिजे. गोष्ट सांगणारा सॅल पॅराडाइज नकाशावर रूट 6 ची लांबच लांब लाल रेघ बघतो, ठरवतो की ह्याच एका रस्त्याने जायचं, आणि पहिल्याच दिवशी पावसात उभा राहतो कारण त्या रस्त्याला गाड्याच येत नाहीत. मग न्यूयॉर्कला परत येऊन गुपचूप शिकागोची बस पकडतो :) सॅन फ्रान्सिस्कोला पोचून काय करतो तर बराकींवर गार्डची नोकरी. कोपरा दुमडा.

इथे मॅपसोबत एक हिशोबाची वहीपण ठेवा. निघताना खिशात 50 डॉलर, संपले की मावशीकडून येतात. आणि सॅलचा मित्र डीन मोरियार्टी समाधान शोधत हिंडतो तेव्हा त्याची बायका-पोरं कुठे असतात तेही लिहीत चला. शेवटी मेक्सिको सिटीत सॅल तापाने फणफणलेला आणि हा बाबा त्याला सोडून निघून जातो. विशीत वाचलं तेव्हा मला डीन भारी वाटला होता, आता त्याची बायको कमील आठवते.

पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (1974) तिसरं. बापलेक बाईकवरून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला जातात, आणि मधेमधे तत्त्वज्ञानाचे जाडजूड तुकडे. अडलात तर पुढच्या बाईकच्या प्रसंगावर उडी मारा, नंतर मागे या, काही बिघडत नाही. आपल्याला ह्यात एक ओळखीची जागा सापडते, बनारस. पुस्तकातला फीड्रस (म्हणजे त्या बापाचंच जुनं रूप) तिथे शिकायला जातो, सगळं माया आहे असं प्रोफेसर शिकवत असतात, हा विचारतो हिरोशिमावरचा बॉम्बपण माया का, प्रोफेसर हसून हो म्हणतात, आणि गडी वर्ग सोडतो, देशही सोडतो.

कादंबऱ्या आवडत नसतील तर 'ब्लू हायवेज' घ्या, 1982 चं, नोकरी गेलेला आणि बायकोपासून वेगळा झालेला माणूस व्हॅन घेऊन फक्त छोट्या रस्त्यांनी देश फिरतो. छान आहे, सावकाश वाचा.

मॅकार्थीचं 'द रोड' (2006) मात्र सगळ्यात शेवटी. जग जळून राख झालंय, बाप आणि लहान मुलगा शॉपिंगची ढकलगाडी आणि फाटका नकाशा घेऊन चालत दक्षिणेकडे, समुद्राकडे निघालेत. पोचतात. समुद्र राखाडी असतो आणि निळा नाही म्हणून बाप पोराला सॉरी म्हणतो.