मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती ओळखताना या चुका टाळा

जुन्या कादंबऱ्या जमवणारी तरुण मंडळी वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण "ही पहिली आवृत्तीच ना?" असं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुस्तकातलं एकच पान उघडलेलं असतं आणि त्यातलीही एकच ओळ वाचलेली असते.

ती ओळ म्हणजे 'पहिली आवृत्ती : १९६२'. आपल्याकडे ही ओळ पुढच्या आवृत्त्यांमध्येही तशीच राहते आणि तिच्याखाली दुसरी, तिसरी, पुनर्मुद्रण अशी भर पडत जाते. कादंबरी पहिल्यांदा कधी आली, एवढंच ती सांगते. हातातली प्रत कधीची, हे खालच्या यादीवरून कळतं. ती यादी वाचायचा कंटाळा करणाऱ्यांनी या छंदात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीच नसेल तर जास्त सावध व्हा. ओळखीच्या एका मुलानं साठच्या दशकातली एक गाजलेली कादंबरी घसघशीत किंमत देऊन घरपोच मागवली. पानावर पहिल्या आवृत्तीचं साल, खाली कोरी जागा. पान उजेडासमोर धरलं तर त्या जागी कागद पातळ झालेला दिसला. पुढच्या ओळी कुणीतरी ब्लेडनं खरवडल्या होत्या. पण प्रकाशकाचा पत्ता तसाच राहिला होता आणि त्यात '४११०३०' हा आकडा होता. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी पत्त्यात 'पुणे २', 'मुंबई ४' असं असायचं. विक्रेत्यानं पैसे परत केले नाहीत.

म्हणून मी साल शेवटी वाचतो. आधी त्या सालात असूच शकत नाही असं काही छापलंय का, ते शोधतो. 'ययाती' १९५९ची. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९६० साली आणि खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४चं. वेष्टनावर, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणावर, यातल्या कशाचाही उल्लेख असला की ते वेष्टन पहिल्या आवृत्तीचं नव्हे. आत जुनी प्रत आणि वर नवं वेष्टन चढवलेलंही मी पाहिलंय, तेव्हा दोन्ही वेगवेगळं तपासा.

किंमतही बोलते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. त्याआधीच्या पुस्तकावर रुपये-आणे दिसतात, पुढची काही वर्षं 'नवे पैसे'. मात्र किमतीवर नवी चिकटपट्टी दिसली म्हणून प्रत बाजूला टाकू नका. पडून राहिलेल्या जुन्या साठ्यावर वाढीव किंमत चिकटवायची पद्धत होती.

साल शकात छापलेलं असेल तर गोंधळू नका. शके १८८१ म्हणजे इसवी १८८१ नव्हे. ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९.

'नाहीं', 'तें', 'केलें' असे अनुस्वार दिसले की जुनी प्रत, असं धरून चालणारेही पुष्कळ. शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी ते गेले हे खरं, पण जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर काढलेल्या प्रतीत ते तसेच येतात. पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेल्या जुन्या छपाईचा उठाव बहुधा हाताला लागतो, ऑफसेटचा लागत नाही.

आणि कृपा करून वाचनालयाचे शिक्के खोडू नका. प्रत 'स्वच्छ' करायच्या हौसेपायी लोक खोडरबर, ब्लीच, काय वाट्टेल ते वापरतात. दाखल क्रमांकाशेजारची तारीख हा हाती असलेला सगळ्यात चांगला पुरावा असतो. १२ मार्च १९६३ला वाचनालयात दाखल झालेली प्रत त्यानंतर छापलेली असणं शक्यच नाही. असा शिक्का असलेली मळकी प्रत मी गुळगुळीत प्रतीआधी उचलतो. फक्त ती रीतसर रद्द होऊन बाहेर आली आहे ना, हे विचारून घेतो.

फोटोवरून घ्यायचीच असेल तर मुखपृष्ठाच्या फोटोवर समाधान मानू नका. शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचं पान आणि वेष्टनाच्या आतल्या घड्या, एवढे फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर प्रत सोडून द्या.