सोनं तापवणाऱ्या घरातली पाऱ्याची बाधा: कशी ओळखायची, कशी थांबवायची

सोन्याच्या बेकायदा खाणीचं काम चोरून चालतं. तिथे सोनं धरायला पारा मिसळतात, आणि पारा उडून सोनं उरावं म्हणून तो पारा-सोन्याचा गोळाही चोरूनच तापवतात: रात्री, दार लावून, बहुतेकदा चुलीवर. त्यामुळे खाणीत कधी न उतरलेल्या बायकामुलांनाही बाधा होते. आरोग्य कार्यकर्त्याने आधी स्वयंपाकघर बघावं.

"पारा वापरता का?" असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. "सोनं कुठं तापवता, कशात?" असं विचारा. वही पिशवीतच राहू द्या. नाव लिहायला घेतलं की माणूस गप्प होतो.

मग कागद-पेन्सिल द्या आणि मधून बाहेर गोल गोल फिरत जाणारी रेघ काढायला सांगा. बाधा झालेल्याची रेघ करवतीसारखी दातेरी येऊ शकते. नंतर डोळे मिटून बोट नाकाच्या टोकाला लावायला सांगा. झोप उडणं, चिडचिड, तोंडात धातूची चव, सुजलेल्या हिरड्या यांचीही चौकशी करा. लहान मुलाच्या हातापायांची कातडी लालसर होऊन सोलत असेल, तर वाट न बघता लगेच डॉक्टरकडे पाठवा. वाफेच्या बाधेसाठी लघवी तपासावी लागते. नदीतल्या माशांतून आलेला पारा रक्तात किंवा केसांत सापडतो. शरीरातून पारा काढणारं औषध डॉक्टरच देतील, पण घरात तापवणं चालू असेल तर त्याचा उपयोग नाही.

गोळ्यात साधारण निम्मा पारा असतो. तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. वाफ दिसत नाही, वासही येत नाही. तोंडाला बांधलेलं फडकं तिला अडवत नाही. वस्तीत गोळा जाळणं बंद करण्याची तरतूद पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातही आहे.

काम थांबतच नसेल, तर निदान रिटॉर्ट वापरायला लावा: घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं आणि उतरती नळी. सांध्यांना ओली माती लिंपायची, नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं. नळीचं तोंड मात्र पाण्यात बुडवू नका. भांडं निवताना पाणी आत ओढलं जातं आणि तापल्या लोखंडात त्याचा स्फोट होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण काढायचं नाही. घाई नडते ती इथेच. जागा वस्तीपासून लांब, उघड्यावर, वारा पाठीमागून येईल अशी. पारा परत मिळतो, हे खर्चाच्या भाषेत सांगितलं तर लवकर पटतं. उरलेल्या सोन्यातही थोडा पारा राहतोच, तो सोनाराच्या दुकानात उडतो. त्यालाही गाठा.

सांडलेला पारा झाडूने लोटू नका, थेंब फुटून फटींत शिरतात. जाड कागदाने गोळा करून, पाणी घातलेल्या बाटलीत झाकण लावून ठेवा.

खाणीतले दगड घरात दळत असतील तर शिशाचाही संशय धरा, कारण त्या दगडात शिसं असू शकतं. नायजेरियातल्या झामफारात २०१० मध्ये अशाच धुळीने ४०० हून जास्त मुलं दगावली. अशा घरातल्या मुलांचं रक्त तपासायचं, शिशासाठी.