संशोधन पद्धतीचा पेपर: सुरुवात कुठून करायची?

एम.ए.ला समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजकार्य घेतलं की ‘संशोधन पद्धती’ हा पेपर काही सुटत नाही. बहुतेक जण गाइड उघडून संशोधनाच्या व्याख्या पाठ करायला बसतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. व्याख्या परीक्षेच्या तोंडावरही पाठ होतील. आधी स्वतःचा एक छोटा प्रश्न ठरवा आणि अभ्यासक्रमातलं प्रत्येक प्रकरण त्या प्रश्नाला लावून बघा.

१. विषयाचा प्रश्न करा

‘स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या समस्या’ यात सगळंच येतं, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. कोण, कुठे, नेमकं काय, असं विचारत विषय लहान करत न्या. उदाहरणार्थ: ‘गावाकडून पुण्यात येऊन सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलींचा महिन्याचा खर्च कोण भागवतं, आणि तयारी लांबत जाते तसा घरचा वाटा कमी होतो का?’

आता मोजण्यासारखं काही मिळालं. तयारीची वर्षं हा स्वतंत्र चल (ज्याचा परिणाम बघायचा ते), घरच्यांचा वाटा हा आश्रित चल (ज्यावर परिणाम होतो का ते बघायचं). ‘वर्षं वाढली की घरचा वाटा घटतो’ हे तुमचं गृहीतक, म्हणजे तपासून बघायचा अंदाज. ते चुकीचं निघालं तरी प्रकल्प फसत नाही. पण आकडे आपल्या बाजूने आले नाहीत की मुलं उगाच धास्तावतात.

२. शब्द पक्के करा

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि नंतर तेच नडतं. ‘गावाकडून’ म्हणजे कुठून? तालुक्याच्या ठिकाणाहून आलेली मुलगी धरायची का? २०११च्या जनगणनेने नगरपालिका, कँटोन्मेंट वगैरे असलेली ठिकाणं शहरी धरली. त्याशिवाय किमान ५,००० लोकवस्ती, वर्षातले निदान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, हे तिन्ही निकष पुरे करणारी ठिकाणंही शहरी मोजली. ही व्याख्या घ्या किंवा स्वतःची करा, पण वहीत लिहून ठेवा. ‘तयारीची वर्षं’ पुण्यात आल्यापासून मोजायची की पहिला फॉर्म भरल्यापासून, हेही आत्ताच ठरवा.

३. आधीचं वाचा

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही. अख्खा प्रबंध वाचू नका. पद्धतीचं प्रकरण, प्रश्नावलीचं परिशिष्ट आणि संदर्भसूची एवढं पुरे. प्रश्नावली कशी नसावी, हेही तिथे बरंच शिकायला मिळतं.

४. कुणाला विचारायचं?

मैत्रिणींना व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म पाठवला की नमुना (सगळ्यांच्या वतीने निवडलेली थोडी माणसं) झाला, असं नसतं. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने मतदारांना कुणाला मत देणार असं पत्रिका पाठवून विचारलं, आणि सुमारे २४ लाख पत्रिका भरून आल्या. त्यावरून त्यांनी उमेदवार लँडन हे रूझवेल्ट यांना हरवणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून काढलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातली त्यातल्या त्यात खाऊनपिऊन सुखी माणसं. शिवाय पत्रिका पाठवलेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. आकडा मोठा असूनही अंदाज साफ चुकला.

तुमच्यासाठी सोपा मार्ग असा: दोन-तीन अभ्यासिकांच्या चालकांना भेटून रजिस्टरवरून यादी करता येईल का ते विचारा आणि यादीतलं दर पाचवं नाव घ्या. सुरुवातीचं नाव पहिल्या पाचांतून चिठ्ठी टाकून काढा. यादी द्यायला चालक तयार नसेल, तर मिळतील त्यांना भेटा, पण अहवालात तसं स्पष्ट लिहा. फी परवडत नाही म्हणून खोलीवरच अभ्यास करणाऱ्या मुली या यादीत येणारच नाहीत, हीसुद्धा मर्यादा आहे.

५. प्रश्न तपासून घ्या

‘महिन्याला किती खर्च येतो?’ याला अंदाजपंचे उत्तर मिळतं. मागच्या महिन्याचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, पुस्तकं आणि टेस्ट सिरीज, गावी जाण्यायेण्याचं भाडं, असं वेगवेगळं विचारा आणि बेरीज तुम्ही करा. ‘घरून पैसे घेताना लाज वाटते का?’ हा प्रश्न उत्तर आधीच तोंडात घालतो. त्याऐवजी ‘मागच्या वेळी घरी पैसे मागितले तेव्हा काय बोलणं झालं?’ असं विचारून समोरचीला बोलू द्या. नमुन्यात नसलेल्या चार-पाच जणींवर प्रश्नावलीची पूर्वचाचणी करा. जिथे ती ‘म्हणजे?’ असं विचारते, तो प्रश्न बदला.

६. मुलाखती आणि टिपणं

आधी संमती घ्या. नको असेल तर उत्तर देऊ नका, हे आपणहून सांगा. कागदावर नावाऐवजी क्रमांक घाला आणि नावांची यादी वेगळी ठेवा. घरच्या पैशांची गोष्ट कुणाच्या हाती लागू नये. टिपणं त्याच रात्री नीट लिहून काढा आणि त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कामाच्या खोलीला आग लागली. कर्नाटकातल्या रामपुरा गावच्या क्षेत्रकार्यावरून वर्षानुवर्षं नीट लावून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या, आणि तिन्ही जळाल्या.

७. तक्ता मांडा

सुरुवातीला एक्सेल पुरतं. एका ओळीत एक मुलगी, एका रकान्यात एक प्रश्न. मग तयारीची वर्षं आणि घरचा वाटा यांचा एकच तक्ता करून बघा. वाटा घटलेला दिसला, तरी तो वर्षांमुळेच घटला असं लगेच लिहू नका. पहिल्या दोन वर्षांत पैशाअभावी गावी परतलेल्या मुली तुमच्या तक्त्यात नाहीत, आणि उरलेल्यांपैकी काहींनी अर्धवेळ काम धरलेलं असू शकतं. मुलाखतींची टिपणं पुन्हा काढून बघायची ती इथेच.