गूळ आणि तुपाची कुरकुरीत टॉफी घरी कशी करावी

या टॉफीसाठी बाजारातून वेगळे काही आणावे लागत नाही. बारीक चिरलेला गूळ 200 ग्रॅम, साजूक तूप दोन मोठे चमचे, पाणी तेवढेच, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि हवी असल्यास वेलचीपूड, एवढ्यात काम भागते. चिक्कीचा गूळ मिळाला तर उत्तमच, पण रोजचा पिवळसर गूळही चालतो. फार खारट गूळ मात्र घेऊ नये, कारण पाक आटताना तो खारटपणा अधिकच जाणवू लागतो.

एकदा पाक चढला की हाताला उसंत मिळत नाही. म्हणून स्टीलच्या ताटाला आधीच तुपाचा हात लावून ठेवावा, सोड्याच्या गाठी मोडून तो मोजून ठेवावा आणि एका वाटीत थंड पाणी घेऊन शेगडीजवळच ठेवावी.

जाड बुडाच्या कढईत गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर गूळ विरघळवावा. गुळात बहुधा कचरा असतोच, तेव्हा हे पाणी गाळून घेऊन पुन्हा कढईत ओतावे. त्यात तूप व मीठ घालून आच मध्यमपेक्षा थोडी कमी ठेवावी आणि कडेचा पाक खरवडत सतत ढवळत राहावे.

टॉफीचे सारे यश पाकाच्या परीक्षेत आहे. पाच-सहा मिनिटांनी पाकाचा एक थेंब थंड पाण्यात टाकून पाहावा. त्याची मऊ गोळी वळत असेल, तर तो गोळीबंद पाक झाला. लाडवांना तो पुरतो, टॉफीला नाही. आणखी थोड्या वेळाने थेंब ताणला जातो आणि दातांना चिकटतो. पुष्कळांना येथेच पाक झाला असे वाटते आणि टॉफी चिवट होते. पाण्यातला थेंब बोटांनी मोडताना काचेसारखा कट्‌कन तुटला आणि चावल्यावर दाताला चिकटला नाही, म्हणजेच पाक तयार झाला. या वेळी त्याचे तापमान सुमारे 150 अंश सेल्सिअस असते. यापुढे गूळ पाहता पाहता करपून कडवट होतो, म्हणून दर वेळी परीक्षा करताना आच अगदी बारीक करावी. हा पाक अंगावर उडाल्यास खोल भाजते, तेव्हा मुलांना ओट्यापासून दूरच ठेवावे.

गॅस बंद करून वेलचीपूड आणि सोडा घालावा. उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, पाक फसफसून फुलतो, त्याचा रंग फिकट सोनेरी होतो आणि टॉफीला हलकी जाळी पडते. दहा-पंधरा सेकंदच भराभर ढवळून मिश्रण लगेच ताटात ओतावे; फार घोटल्यास जाळी बसते. सोडा प्रमाणाबाहेर गेला, तर मात्र साबणासारखी चव येते आणि त्यावर काही उपाय नाही.

मिश्रण कोमट असतानाच तूप लावलेल्या सुरीने चौकोन आखावेत आणि पूर्ण गार झाल्यावर तुकडे मोडावेत. गूळ हवेतला ओलावा चटकन ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा. पावसाळ्यात तर मोजकीच करावी. कढईला चिकटलेला पाक घासत बसू नये, तिच्यात पाणी घालून उकळले की तो आपोआप सुटतो.